ऑनलाइन ‘जोड्या जुळवा’ दृष्टिहीन विद्यार्थ्यांना का अडवतात? उपाय काय?

डावीकडे गाय, घोडा, शेळी. उजवीकडे करडू, वासरू, शिंगरू. वहीत रेघा ओढून सुटणारा हा प्रश्न मोबाइलवर आला की नाव बोटाने ओढून योग्य चौकटीत सोडायचं असतं. बीड जिल्ह्यातल्या चौसाळ्यासारख्या गावातल्या एखाद्या दृष्टिहीन मुलीला तिन्ही उत्तरं तोंडपाठ असली, तरी इथे तिला ती नोंदवता येत नाहीत. येत असूनही गुण जातात.

2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात दृष्टिदोष असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे 5.74 लाख होती. 2017 मध्ये ‘दीक्षा’ हे शैक्षणिक व्यासपीठ सुरू झालं आणि बालभारतीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले. कोविडकाळात गुगल फॉर्मवरच्या चाचण्याही गावोगावी पोहोचल्या. त्यामुळे हा प्रश्न आता फक्त शहरांतल्या विशेष शाळांपुरता राहिलेला नाही.

स्क्रीन रीडर म्हणजे काय?

पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर म्हणजे स्क्रीन रीडर. संगणकासाठीचं मोफत ‘एनव्हीडीए’ हे सॉफ्टवेअर ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने 2006 मध्ये बनवायला घेतलं. अँड्रॉइड फोनमध्ये ‘टॉकबॅक’ आणि आयफोनमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ असतं. त्यासाठी वेगळे पैसे लागत नाहीत.

टॉकबॅक सुरू असताना बोट उजवीकडे सरकवलं की पुढचा घटक वाचला जातो आणि दोनदा टॅप केलं की तो निवडला जातो. म्हणजे बोट सरकवण्याचा अर्थच बदलतो. अशा वेळी ‘ओढा आणि सोडा’ प्रकारचा प्रश्न अडतो, कारण वस्तू कुठे सोडायची ते ऐकू येत नाही. संपूर्ण खेळ एकाच चित्रासारखा बनवला असेल, तर स्क्रीन रीडरला त्यात वाचण्यासारखं काहीच सापडत नाही.

अडचणी कुठे येतात आणि त्या कशा सोडवायच्या?

• जोड्या जुळवा: ‘गाय’ या शब्दापुढे पर्यायांची यादी द्यावी आणि त्यातून ‘वासरू’ निवडता यावं. प्रश्न तोच राहतो आणि त्याची काठिण्यपातळीही बदलत नाही. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी या जागतिक निकषांच्या 2023 मधल्या 2.2 आवृत्तीत, ओढण्याच्या क्रियेला साधा पर्याय असावा असा निकष आहे. हात थरथरणाऱ्या व्यक्तींनाही त्याचा फायदा होतो.

• चित्रावरचे प्रश्न: चित्राला लेखी वर्णन जोडावं, पण त्यात उत्तर फोडू नये. ‘पानाचा प्रकार ओळखा’ असा प्रश्न असेल, तर वर्णनात प्रकाराचं नाव न देता पानाचा आकार, कडा आणि शिरांची रचना सांगावी. फळ्यावरच्या किंवा छापील प्रश्नाचा फोटो टाकण्याऐवजी प्रश्न टाइप करावा.

• बरोबर की चूक: उत्तर दिल्यावर चौकट फक्त हिरवी किंवा लाल होत असेल, तर ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ हे शब्द यावेत आणि ते आपोआप वाचले जातील अशी सोय कोडमध्ये करावी.

• वेळेची मर्यादा: डोळ्यांनी चार पर्याय एका नजरेत दिसतात, कानांनी ते एकेक करून ऐकावे लागतात. म्हणून वेळ वाढवता यावी किंवा घड्याळ बंद करता यावं.

• मराठी मजकूर: ‘कृतिदेव’सारख्या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर ‘मराठी’ दिसतं, पण आत साठवलेली असतात ई, जे, के, बी, एच ही इंग्रजी अक्षरं. स्क्रीन रीडर तीच वाचतो. त्यामुळे मजकूर युनिकोडमध्येच हवा. शिवाय पानाची भाषा मराठी असल्याचं कोडमध्ये नमूद करावं. देवनागरी लिपी हिंदीचीही असल्याने, तसं न केल्यास मराठी वाक्य हिंदी आवाजात वाचलं जाऊ शकतं.

कायदा काय सांगतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 नुसार समावेशक शिक्षण देणं ही मान्यताप्राप्त आणि अनुदानित शाळांची जबाबदारी ठरवण्यात आली आहे. 2021 मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने दिव्यांग मुलांसाठीच्या ई-साहित्याची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली.

8 नोव्हेंबर 2024 रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुलभतेचे नियम नुसते शिफारशीवजा ठेवता येणार नाहीत, ते बंधनकारक असायला हवेत, असं म्हटलं. 30 एप्रिल 2025 च्या प्रज्ञा प्रसून प्रकरणातला वाद ई-केवायसीचा होता. त्यात न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क राज्यघटनेच्या अनुच्छेद 21 मधल्या जगण्याच्या हक्काशी जोडला.

शिक्षकांनी तपासणी कशी करावी?

फोनच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲक्सेसिबिलिटी’त जाऊन टॉकबॅक सुरू करावं आणि डोळे मिटून आपलीच चाचणी पहिल्या प्रश्नापासून ‘सबमिट’पर्यंत सोडवून पाहावी. संगणकावर माउस बाजूला ठेवून फक्त टॅब, बाणांच्या आणि एंटर कळा वापराव्यात. जिथे आपण अडकतो, तिथे विद्यार्थीही अडकणार हे उघड आहे.

शक्य असेल तर रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या व्यक्तीकडूनही चाचणी तपासून घ्यावी. नवख्या माणसाच्या लक्षात न येणाऱ्या अडचणी तिला लगेच जाणवतात. हे काम चाचणी तयार होत असतानाच केलेलं सोपं पडतं. शंभर प्रश्न बनवून झाल्यावर दुरुस्ती करायची म्हटलं, तर प्रत्येक प्रश्न पुन्हा उघडावा लागतो.