मिथिलेच्या स्त्रियांची कला, पण कोणत्या स्त्रियांची?

मधुबनी चित्रकला ही 'मिथिलेच्या स्त्रियांची कला' आहे, असं नेहमी सांगितलं जातं. ते खोटं नाही. पण अर्धवट आहे. आम्ही विचारतो, कोणत्या स्त्रियांची?

इतिहास थोडक्यात पाहू. १९३४ च्या बिहार भूकंपात पडलेल्या घरांच्या भिंतींवर ब्रिटिश अधिकारी विल्यम आर्चर यांना ही चित्रं दिसली. १९४९ साली त्यांनी 'मार्ग' मासिकात त्यावर लिहिलं. १९६० च्या दशकातल्या दुष्काळात पुपुल जयकर यांनी मुंबईचे चित्रकार भास्कर कुलकर्णी यांना तिकडे पाठवलं. कुलकर्णींनी बायकांच्या हाती कागद दिला आणि भिंतीवरचं चित्र बाजारात आलं. नाव झालं ते आधी ब्राह्मण सीता देवींचं आणि कायस्थ गंगा देवींचं. दोघींचं काम मोठंच आहे. पण ठळक रंगांची 'भरनी' म्हणजे ब्राह्मणांची आणि बारीक रेषांची 'कचनी' म्हणजे कायस्थांची, अशी वाटणीही सोबतच झाली.

जितवारपूर गावात दुसाध वस्तीही होती. दुसाध म्हणजे बिहारमधली अनुसूचित जात. गावची चौकीदारी हे तिचं पारंपरिक काम. महारकीचा इतिहास माहीत असलेल्यांना याहून जास्त सांगायला नको. १९७० च्या दशकात जर्मन मानववंशशास्त्रज्ञ एरिका मोझर यांनी या वस्तीतल्या बायकांना चित्रं काढायला प्रोत्साहन दिलं. तेव्हा चानो देवींनी सवर्ण घरांतली चित्रं गिरवली नाहीत. बायकांच्या अंगावरचं गोंदण त्यांनी कागदावर आणलं. ठिपके, वर्तुळं, एकामागे एक उभ्या छोट्या आकृती. नायक राम नव्हे, तर दुसाधांचा लोकनायक राजा सलहेस. या शैलीला 'गोदना' म्हणतात. त्याच गावच्या, चर्मकार समाजातल्या जमुना देवींनी कागद शेणाच्या पाण्याने रंगवून घ्यायची रीत आणली.

इथे आपल्यातलेच काही जण आक्षेप घेतील. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी स्त्रियांना जात ओळखू येईल असं लुगडं नेसणं आणि तसे दागिने घालणं सोडायला सांगितलं. मग अंगावरच्या खुणांचं कौतुक कशाला? आक्षेप गंभीर आहे. पण फरक पाहा. जातीची खूण दुसऱ्याने तुम्हाला ओळखून बाजूला उभं करण्यासाठी असते. चित्रात ती बाई स्वतः ठरवते काय काढायचं, खाली सही करते आणि किंमत घेते. बाबासाहेबांचा आग्रह स्वाभिमानाचा होता, आणि स्वाभिमान इथेही आहे.

धोका वेगळाच आहे. भरनी ब्राह्मणांची, कचनी कायस्थांची, गोदना दलितांची, असे कप्पे कायम राहिले तर ते शैलींचं चातुर्वर्ण्यच होईल. सन्मानाचा क्रमही बघा. मिथिला चित्रकलेसाठी जगदंबा देवींना पद्मश्री मिळाली १९७५ साली. गोदना शैलीच्या शांती देवी आणि शिवन पासवान यांना मिळाली २०२४ साली. मध्ये ४९ वर्षं गेली.

हे कप्पे मोडणाऱ्या स्त्रियाही आहेत. रांटी गावच्या दुलारी देवी मल्लाह समाजातल्या. महासुंदरी देवी या नामवंत चित्रकर्तीच्या घरी धुणीभांडी करता करता त्या चित्रं शिकल्या. 'वरच्यां'च्या मानलेल्या शैलीत त्यांनी मासेमारांचं, कष्टकरी बायांचं जगणं रंगवलं. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बिहारच्याच मालविका राज याच शैलीत बुद्ध आणि बाबासाहेबांचं जीवन रंगवतात. कोणतीही शैली कोणत्याही जातीची वतनदारी नाही, हे या दोघींच्या कामातून दिसतं.

म्हणून आम्ही तरुण कार्यकर्त्यांना सांगतो: 'लोककला' हा शब्द ऐकला की चित्रकर्तीचं नाव विचारा. निनावी 'लोक' म्हटलं की श्रेय कुणाचं बुडतं, हे आपल्याला चांगलं ठाऊक आहे. जयंतीच्या पोस्टरवर असं चित्र वापरणार असाल, तर खाली तिचं नाव छापा आणि तिच्या कामाचे पैसे द्या.

जय भीम!