वरळीच्या चाळी रिकाम्या का राहिल्या?

१९२० च्या दशकातील मुंबई. परळ, लालबाग, शिवडी येथील चाळींत एकेका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडे राहत आहेत. रात्री गॅलऱ्या, जिने आणि पदपथ झोपणाऱ्यांनी भरून जातात. तेथून पायी अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर, वरळीला, सरकारने खास कामगारांसाठी बांधलेल्या काँक्रीटच्या नव्याकोऱ्या चाळी आहेत आणि त्यांतल्या कितीतरी खोल्या कुलूपबंद आहेत.

घरांची एवढी टंचाई असलेल्या शहरात घरे ओस का पडावीत? त्या काळच्या अनेक अधिकाऱ्यांना हा कामगारांच्या अडाणीपणाचा पुरावा वाटला. कामगारांना स्वच्छ घराची किंमतच कळत नाही, असा सूर तेव्हा सर्रास निघे. आजच्या धाग्यात या रिकाम्या खोल्यांचे कोडे उलगडायचे आहे. ते उलगडते घराच्या भिंतींत नव्हे, तर घर आणि गिरणी यांच्यामधल्या रस्त्यावर.

आधी चाळींची हकिगत. १९२० मध्ये गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या पुढाकाराने ‘बॉम्बे डेव्हलपमेंट डिरेक्टोरेट’ हे खाते स्थापन झाले. आज ज्यांना आपण बीडीडी चाळी म्हणतो, त्या याच खात्याच्या. बेत मोठा होता : कामगारांसाठी ५०,००० खोल्या. खर्चाला हातभार म्हणून मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे एक रुपया कर बसवण्यात आला. प्रत्यक्षात नायगाव, डिलाइल रोड, शिवडी आणि वरळी या चार ठिकाणी मिळून २०७ इमारती उभ्या राहिल्या. तळमजला धरून चार मजले, प्रत्येक मजल्यावर २० खोल्या, प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची. म्हणजे एकंदर साडेसोळा हजार खोल्या. यांतल्या निम्म्याहून अधिक, १२१ इमारती, एकट्या वरळीत होत्या. कारण सरळ होते. मोकळी जमीन तेथे होती.

गिरणी मात्र तेथे नव्हती. रेल्वेही नव्हती.

गिरणगावाची घडण कशी झाली होती, हे येथे पाहायला हवे. १८५० च्या दशकात ताडदेवला पहिली कापडगिरणी निघाली आणि शतक संपेपर्यंत गिरण्यांची संख्या ऐंशीच्या आसपास पोहोचली. या गिरण्यांच्या कुंपणांना लागून चाळी वाढल्या. गिरणीचा भोंगा घरात ऐकू येईल इतके अंतर, हेच जणू त्या वस्तीचे माप होते. बहुसंख्य कामगार पायीच कामावर जात आणि ते पायी जाणे काही मिनिटांचे असे. १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापडगिरण्यांतील पुरुषांसाठी दिवसाला १२ तासांची मर्यादा घातली, १९२२ मध्ये ती ११ तासांवर आली. अकरा-बारा तास साच्यावर उभे राहिलेल्या माणसाच्या लेखी जाता-येता आणखी तासभर चालणे म्हणजे काय, हे मैलांच्या हिशेबाने कळत नाही.

पण थकवा हे कारण अर्धेच. खरी मेख कामावर घेण्याच्या रीतीत होती. गिरणीत नोकरी देणारा माणूस मालक नसे, व्यवस्थापकही नसे. तो जॉबर असे. स्त्रियांच्या खात्यांत हेच काम नायकीण करी. कायमचा कामगार गैरहजर राहिला की त्याच्या जागी ‘बदली’ घेतला जाई आणि त्यासाठी सकाळी गिरणीच्या दारात उभे राहावे लागे. काम मिळाले तर ठीक; नाही मिळाले तर शेजारच्या दुसऱ्या गिरणीच्या दाराकडे धाव घ्यायची. जो दारापासून दूर राहील, तो या शर्यतीत आधीच मागे पडला. जॉबर वस्तीतलाच, अनेकदा त्याच गावचा किंवा त्याच नात्यागोत्यातला असे. संध्याकाळी त्याच्या नजरेसमोर असणे हासुद्धा नोकरीचाच भाग होता.

पगाराची रीतही माणसाला वस्तीला बांधून ठेवणारी होती. महिन्याचा पगार पुढचा महिना बराच उलटल्यावर हाती पडे. तोवरचे दिवस निभत ते वाण्याच्या उधारीवर, आणि उधारी मिळते ती ओळखीच्या माणसाला. रत्नागिरीहून बोटीने किंवा घाटावरून आलेला एकटा पुरुष आपल्या गावकऱ्यांच्या खोलीत वळकटी टाके आणि खाणावळीत जेवे. खाणावळ चालवणारी बाईही पगार होईपर्यंत थांबे. वरळीच्या नव्या खोलीत हवा कदाचित अधिक होती (काँक्रीटच्या त्या खोल्यांवरही टीका झालीच), पण तेथे ना खाणावळ होती, ना उधार देणारा वाणी, ना जॉबर. खोली बदलणे म्हणजे पत गमावणे. भाडेही हलके नव्हते. सरकारला ते पुढे कमी करावे लागले.

मग ट्राम होती की! मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली होती, १९०७ मध्ये विजेची आली आणि गिरणगावातील मुख्य रस्त्यांवरून ती धावत होती. परंतु हिशेब मांडून पाहावा. फेरीचे भाडे एकच आणा धरले, तरी रोजचे दोन आणे. महिन्याच्या २६ दिवसांचे ३ रुपये ४ आणे. पुरुष कामगाराची सरासरी कमाई महिना तीसएक रुपये. कमाईचा दहावा हिस्सा केवळ कामावर पोहोचण्यात घालवणे त्याला परवडणारे नव्हते. कामगाराने ट्राम नाकारली ती सवयीने नव्हे, गणिताने. अधिकाऱ्यांनी ज्याला अडाणीपणा म्हटले, तो या शहरातला सर्वांत काटेकोर हिशेब होता असे म्हणण्यास हरकत नाही.

याच वर्षांत याच शहरातला दुसरा एक वर्ग नेमका उलट वागत होता. गिरगावच्या दाट वस्तीतला कारकून, शिक्षक, वकील कचेरीपासून दूर, उत्तरेकडे सरकत होता. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याला आखीव रस्त्यांची वसाहत उभारली. हिंदू कॉलनी आणि पारशी कॉलनी त्यातूनच आल्या. दादरचे भाग्य असे की जी.आय.पी. आणि बी.बी.सी.आय. या दोन्ही रेल्वेंची स्थानके तेथे एकमेकांना लागून होती. ट्रामही दादरपर्यंत येई. ‘दादर टी.टी.’ या नावातला टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी बोरीबंदरहून दादरला गेली. ट्राम गेली, नाव मात्र बसच्या कंडक्टरच्या तोंडी राहिले.

त्यात विजेची भर पडली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली आणि जानेवारी १९२८ पासून कुलाबा ते बोरिवली मार्गावरही विजेच्या गाड्या आल्या. वाफेच्या गाडीपेक्षा ही गाडी लवकर वेग घेई आणि लवकर थांबे. त्यामुळे जवळजवळची स्थानके असलेल्या मार्गावर फेऱ्या वाढवता आल्या. गाडी चुकली तर दुसरी आहे, ही खात्री आल्यावरच माणूस कचेरीपासून दहा-पंधरा मैलांवर घर करायला धजतो. पार्ले, अंधेरी, मुलुंड यांची वाढ या खात्रीवर झाली.

कारकुनाची नोकरी कायमची होती. कचेरीची वेळ ठरलेली होती. त्याला रोज सकाळी कुणाच्या दारात उभे राहावे लागत नव्हते. रेल्वेचा पास काढणे त्याला परवडे, कारण पुढच्या महिन्यातही तीच कचेरी असेल हे त्याला ठाऊक होते. घर आणि कचेरी यांत असे अंतर पडले म्हणूनच त्याचे जेवण गाडीने प्रवास करू लागले. डबेवाल्यांचा व्यवसाय १८९० च्या सुमारास महादेव हावजी बच्चे यांनी सुरू केला असे सांगितले जाते. तो फोफावला तो उपनगरी रेल्वेबरोबरच.

या दोन मुंबईंमधले अंतर एकाच चरित्रात पाहायचे तर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे पाहावे. त्यांनी आयुष्याची कितीतरी वर्षे परळच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत काढली आणि १९३० च्या दशकात ते त्याच ट्रस्टने आखलेल्या दादरच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृहा’त राहायला गेले.

वरळीच्या रिकाम्या खोल्यांना पहिले मोठ्या संख्येचे रहिवासी मिळाले ते वेगळ्याच वाटेने. सविनय कायदेभंगाच्या चळवळीत तुरुंग अपुरे पडू लागले, तेव्हा सरकारने वरळीच्या काही चाळींचा तात्पुरता तुरुंग केला. कामगारांनी नाकारलेल्या घरांत सत्याग्रहींना कोंडले गेले. याहून बोलका अभिप्राय त्या योजनेवर कुणी दिला नसेल.

पुढे भाडी उतरली, बसगाड्या आल्या आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शहर इतके भरले की कुठलीही खोली रिकामी राहणे अशक्य झाले. पोलीस आणि सरकारी नोकर तेथे आले. दलित कुटुंबेही मोठ्या संख्येने आली. खासगी चाळींत जात विचारून खोली नाकारली जात असताना सरकारी चाळीचे दार त्यामानाने उघडे होते. ज्याला जवळचे घर मिळतच नाही, त्याच्या दृष्टीने दूरच्या घराचे मोल निराळे असते.

गिरणगावाची ही पायी चालणारी घडी मोडली ती १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर. गिरण्या बंद पडत गेल्या आणि त्यांच्या जमिनींवर कचेऱ्यांचे मनोरे व मॉल उभे राहिले. लोअर परळ आणि एल्फिन्स्टन रोड ही स्थानके अशा वस्तीसाठी होती, जिथले बहुतेक लोक कामाला पायी जात. आता तेथेच रोज सकाळी विरारपासून आणि कल्याणपासून गाड्यांनी आलेली गर्दी उतरू लागली. कामाची जागा तीच राहिली, कामावर येण्याची रीत मात्र संपूर्ण पालटली. जिने आणि पूल पुरेसे रुंद झाले नाहीत. २९ सप्टेंबर २०१७ रोजी पावसाच्या सरीत एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पादचारी पुलावर चेंगराचेंगरी झाली आणि वीसहून अधिक माणसे गेली.

गिरणी कामगारांच्या वारसांना जी घरे सोडतीत मिळाली, त्यांतली काही पनवेलजवळच्या कोन येथे आहेत. ज्यांचे आजोबा भोंगा ऐकून घरातून निघत, त्यांच्या नातवाला परळला पोहोचायला आता दोन वाहने बदलावी लागतात.

आणि वरळी? तिला रेल्वेचे स्थानक मिळाले मे २०२५ मध्ये, भुयारी मेट्रोचे, आचार्य अत्रे चौकाच्या नावाने. चाळी बांधल्या त्याला तोवर शंभर वर्षे होत आली होती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या मनोऱ्यांतील पहिल्या घरांच्या किल्ल्या रहिवाशांना देण्यात आल्या. १६० चौरस फुटांच्या जागी आता ५०० चौरस फुटांचे घर आहे.