बांबू झाड की गवत? संसदेतील चर्चा स्वतः पाहण्याचा इतिहास, गडचिरोलीच्या जंगलातून

१/ २७ एप्रिल २०११. गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या सुमारे पाचशे वस्तीच्या गोंड गावात तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण आले होते. निमित्त होते एका पुस्तिकेचे. तोडलेला बांबू जंगलाबाहेर नेण्यासाठी लागणारे वाहतूक परवाने आता वनखात्याऐवजी ग्रामसभा देणार होती. एवढ्याशा पुस्तिकेसाठी केंद्रीय मंत्र्याला गावात का यावे लागले, हे समजून घेण्यासाठी दिल्लीत झालेल्या एका चर्चेकडे जावे लागते. ती चर्चा दूरचित्रवाणीवर कोणालाही पाहता येत होती.

२/ वाद होता दोन कायद्यांमधला. १९२७ च्या भारतीय वन कायद्यातील ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत बांबूचा समावेश होता. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू हे गवत, पण कायद्याच्या दृष्टीने झाड. म्हणून त्याच्यावर अधिकार वनखात्याचा. २००६ च्या वनहक्क कायद्याने मात्र बांबूला स्पष्टपणे गौण वनोपज म्हटले आणि गौण वनोपजावर वननिवासींचा मालकी हक्क मान्य केला. मेंढ्याला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. तरीही वाहतूक परवाना मिळेना, कारण खाते जुन्या व्याख्येवर अडून होते. मार्च २०११ मध्ये रमेश यांनी मुख्यमंत्र्यांना पत्रे लिहून बांबू हे गौण वनोपजच मानावे असे कळवले, तेव्हा कुठे कोंडी फुटली.

३/ एका लहान गावाने वनखात्यासमोर कायद्याचे कलम धरून उभे राहणे ही अचानक घडलेली गोष्ट नव्हती. मेंढ्यात १९८० च्या दशकापासून ‘अभ्यास गट’ ही रीत रुजली होती. देवाजी तोफा यांच्यासारखे गावकरी आणि चंद्रपूरच्या ‘वृक्षमित्र’ संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांचा त्यात मोठा वाटा. विषय कोणताही असो, आधी अभ्यास गटात बसायचे, जाणकाराला बोलवायचे, त्याचे ऐकायचे, शंका विचारायच्या. निर्णय मात्र तिथे घ्यायचा नाही. तो ग्रामसभेत, सर्वसहमतीने.

४/ ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही मेंढ्याची घोषणा प्रसिद्ध आहे. तिचा उत्तरार्ध नेहमी सांगितला जातो, पूर्वार्धाकडे मात्र दुर्लक्ष होते. दिल्लीतले सरकारही ‘आमचे’ असेल, तर तिथे आपल्याविषयी काय बोलले गेले हे आपल्याला ठाऊक हवे. जंगलपट्ट्यात हे ज्ञान पिढ्यानपिढ्या मधल्या माणसाकडून येत असे: वनरक्षक, ठेकेदार, तलाठी किंवा प्रचाराला आलेला पुढारी. कायदा काय म्हणतो हे तोच सांगणार आणि त्याला हवे तेवढेच सांगणार.

५/ मराठी इतिहासलेखनाला हा प्रश्न नवा नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करायला सुरुवात केली, ती याच आग्रहातून. बखर उत्तरकालीन असते, कोणाच्या तरी सांगण्यावरून आणि कोणाच्या तरी सोयीने लिहिलेली असते. त्या काळातले अस्सल पत्र तुटक असेल, कंटाळवाणेही असेल, पण घटनेच्या अधिक जवळचे असते. आजच्या राजकारणात संसदेतील पूर्ण चर्चा हे अस्सल पत्र आहे. संध्याकाळचा वाहिनीवरचा गोंगाट आणि मोबाईलवर फिरणारी चाळीस सेकंदांची चित्रफीत या बखरी आहेत.

६/ हे अस्सल साधन सामान्य माणसाच्या हाती सहज आलेले नाही. संसदेत बोलले गेलेले खरेखुरे शब्द छापले, तरी वृत्तपत्रावर बदनामीचा खटला होऊ शकत असे. फिरोज गांधी यांनी खासगी विधेयक आणले आणि १९५६ मध्ये संसदीय कामकाजाच्या प्रामाणिक वृत्तांताला कायद्याचे संरक्षण मिळाले. आणीबाणीत, १९७६ मध्ये, तो कायदा रद्द झाला. १९७७ मध्ये तो पुन्हा आला आणि ४४ व्या घटनादुरुस्तीने हे संरक्षण थेट राज्यघटनेत, अनुच्छेद ३६१-क म्हणून नोंदवले गेले. संसदेतले बोलणे लोकांपर्यंत पोहोचणे कोणाला नको होते, हे या तारखाच सांगतात.

७/ कॅमेरा आत गेला तो त्याहून उशिरा. डिसेंबर १९८९ मध्ये राष्ट्रपतींचे अभिभाषण प्रथम थेट दाखवले गेले. १९९१ पासून लोकसभेचा प्रश्नोत्तराचा तास मुद्रित स्वरूपात आणि १९९४ पासून थेट दिसू लागला. मे १९९६ मध्ये वाजपेयींच्या तेरा दिवसांच्या सरकारवरील विश्वासदर्शक ठरावाची चर्चा दूरदर्शनवरून देशाने पाहिली. जुलै २००६ मध्ये लोकसभेने स्वतःची वाहिनी सुरू केली, २०११ मध्ये राज्यसभेची आली आणि २०२१ मध्ये दोन्ही मिळून ‘संसद टीव्ही’ झाली.

८/ लोकसभा टीव्ही सुरू होऊन पाच महिनेही झाले नव्हते, तेव्हा १५ डिसेंबर २००६ रोजी लोकसभेत वनहक्क विधेयक मंजूर झाले. डिसेंबर २००५ मध्ये मांडलेले विधेयक आणि मंजूर झालेला कायदा यांत मोठे अंतर होते. मूळ मसुदा फक्त अनुसूचित जमातींपुरता होता. कायद्यात इतर पारंपरिक वननिवासीही आले. ताब्याची अट २५ ऑक्टोबर १९८० ची होती, ती १३ डिसेंबर २००५ झाली. वैयक्तिक जमिनीची मर्यादा अडीच हेक्टरांवरून चार हेक्टरांवर गेली. गडचिरोलीतल्या एखाद्या कुटुंबासाठी या तीन बदलांचा अर्थ ‘दावा बसतो’ किंवा ‘दावा बसत नाही’ इतका सरळ होता.

९/ साधन अस्सल असले तरी त्याची चिकित्सा करावीच लागते. वरच्या बदलांपैकी पहिले दोन सुचवले ते किशोरचंद्र देव यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त संसदीय समितीने, आणि समितीच्या बैठका दूरचित्रवाणीवर दिसत नाहीत. सभागृहातही कॅमेरा कुठे वळवायचा हे बाक ठरवत नाहीत आणि कामकाजातून वगळलेले शब्द अधिकृत नोंदीत उरत नाहीत. म्हणून चर्चा पाहिल्यानंतर समितीचा अहवाल आणि सभागृहाचा छापील वृत्तांत वाचणे भाग आहे. दोन्ही आज संसदेच्या संकेतस्थळांवर खुले आहेत.

१०/ न पाहता बोलण्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण अमेरिकेतले. २६ सप्टेंबर १९६० च्या केनेडी-निक्सन वादचर्चेबद्दल सर्वत्र सांगितले जाते की, रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकले असे वाटले आणि पडद्यावर पाहणाऱ्यांना केनेडी. नंतरच्या संशोधकांनी तपासले, तेव्हा या दाव्याचा आधार मुख्यतः एकाच सर्वेक्षणात सापडला आणि त्यातही रेडिओ ऐकणाऱ्यांचा गट अगदी लहान होता. म्हणजे ‘चर्चेतून काय दिसले’ याची कथाच बखरीसारखी हातोहात फिरत राहिली.

११/ भारतातही तेच. २१ आणि २२ जुलै २००८ रोजी अणुकराराच्या पार्श्वभूमीवर लोकसभेत विश्वासदर्शक ठरावावर चर्चा झाली. त्यातून लोकांच्या स्मरणात काय उरले? सभागृहात फडकवलेली नोटांची पुडकी. ती घटना गंभीरच होती. परंतु कराराच्या बाजूने आणि विरोधात दोन दिवस जे युक्तिवाद झाले, ते त्या एका दृश्याखाली गाडले गेले. ज्याने फक्त ते दृश्य पाहिले त्याच्या मनात ‘सगळे सारखेच’ एवढाच निष्कर्ष उरला. ज्याने चर्चा पाहिली त्याला निदान कोण काय म्हणाले हे तरी कळले.

१२/ इथे एक खरी अडचण आहे. संसदेत बोलले जाते ते बहुतांश हिंदी-इंग्रजीत. एटापल्ली-भामरागडच्या माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या मतदाराने ते कसे समजून घ्यावे? अनेक गावांत मोबाईलला धड नेटवर्क मिळत नाही. ‘स्वतः पाहा’ हा उपदेश शहरात बसून करणे सोपे आहे. पण स्वतः पाहणे म्हणजे एकट्याने पाहणे नव्हे, हे मेंढ्याच्या अभ्यास गटाने फार आधी दाखवले आहे. भाषा जाणणारा एक जण सांगतो, बाकीचे त्याला अडवून विचारतात, आणि त्याच्यावर विसंबून कोणी निर्णय करत नाही. मधला माणूस तिथेही असतो, पण तो सर्वांसमोर बसलेला असतो. त्याच्या सांगण्याची तिथल्या तिथे पडताळणी होते.

१३/ पाहण्याचा आणखी एक उपयोग: चर्चा झालीच नाही, हेही पाहिल्यानेच कळते. २६ जुलै २०२३ रोजी वन (संवर्धन) कायद्यातील दुरुस्ती लोकसभेत मंजूर झाली, ती मणिपूरवरून चाललेल्या गदारोळात, थोडक्या वेळात. संयुक्त समितीने त्या विधेयकात एकही बदल सुचवला नव्हता, मात्र काही सदस्यांनी भिन्नमतपत्रिका जोडल्या होत्या. या दुरुस्तीने डाव्या कडव्या चळवळीने प्रभावित क्षेत्रांतील वनजमिनीवर, केंद्राने ठरवलेल्या लोकोपयोगी प्रकल्पांना पाच हेक्टरांपर्यंत सूट देण्याची तरतूद आणली. गडचिरोलीचे नाव त्या वाक्यात नाही, पण ते वाक्य गडचिरोलीला लागू होते. ही सूट रस्ते आणि शाळांसाठी हवीच होती की जंगलाचे कुंपण त्यामुळे सैल झाले, यावर प्रामाणिक मतभेद असू शकतात. तो मतभेद सभागृहात किती मांडला गेला, हे त्या दिवसाच्या चित्रीकरणात आणि वृत्तांतात आहे.

१४/ गडचिरोली-चिमूर हा लोकसभा मतदारसंघ २००९ पासूनचा. २०२४ मध्ये तिथे सुमारे ७२ टक्के मतदान झाले. बऱ्याच भागांत सुरक्षेच्या कारणास्तव मतदान दुपारी तीनलाच संपते, कित्येक मतदार पायी येतात आणि बहिष्काराच्या धमकीची सावली अनेक निवडणुकांवर राहिली आहे. एवढे करून मत देणाऱ्या माणसाला, निवडून गेलेला प्रतिनिधी सभागृहात उभा राहिला का, काय बोलला आणि कोणत्या बाजूने मत दिले, हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकावे लागू नये.

१५/ सुरुवात अवघड नाही. आपल्या जिल्ह्याला लागू होणारे एकच विधेयक निवडावे. मंत्र्याचे प्रास्ताविक, विरोधातले सर्वांत मुद्देसूद भाषण आणि मंत्र्याचे उत्तर, हे तीन भाग पूर्ण ऐकावेत. न पटणाऱ्या पक्षाचे भाषण न थांबवता ऐकावे. मगच त्या चर्चेवरील बातमी आणि चित्रफीत पाहावी, आणि काय गाळले गेले ते मांडून ठेवावे. चार-पाच मित्रांनी मिळून हे केले तर तो अभ्यास गटच झाला.

१६/ चंद्रपूर जिल्ह्याच्या गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावालाही २०१२ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि ते गाव स्वतःचा बांबू विकू लागले. २०१७ च्या अखेरीस संसदेने १९२७ च्या कायद्यातील ‘झाड’ या व्याख्येतून बांबू वगळला. नव्वद वर्षे टिकलेला एक शब्द असा गेला. त्या कायद्यांत अजून कितीतरी शब्द आहेत. त्यांतला पुढचा शब्द बदलेल तेव्हा तो दूरचित्रवाणीवर, सर्वांच्या देखत बदलला जाईल. त्या दिवशी किती मतदार पाहत असतील, हे मात्र मतदारांनाच ठरवायचे आहे.