तिकीट, दौलतजादा आणि जलसा

मुंबईत गाणं ऐकायला तिकीट लागतं, याचं आम्हा म्हसावदकडच्या पोरांना नवल नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत तमाशाच्या तंबूबाहेर तिकिटासाठी रेटारेटी केलेली माणसं आम्ही. पण मुंबईच्या तिकिटाचा इतिहास आपलाही आहे, हे कुणी सांगत नाही. पांढरपेशांच्या पुस्तकात मुंबईचं गाणं म्हणजे गिरगावातली संगीत नाटकं अन् गणेशोत्सवातल्या बैठका. संपला इतिहास.

सुरुवात ग्रँट रोडपासून. १८४६ साली तिथं नाट्यगृह झालं. १८५३ साली विष्णुदास भाव्यांनी तिथंच तिकीट लावून मराठी खेळ केले. पुढं आजूबाजूला थेटरंच थेटरं झाली. 'प्ले हाउस'चं लोकांच्या तोंडी पिला हाउस झालं. याच भागात तमाशाचीही थेटरं चालली.

तमाशा कुणाचा? महार-मांगांचा, कोल्हाट्यांचा. खेड्यात सुपारी देणारा पाटील पुढं गादीवर. नाचणार, वाजवणार आपली माणसं, आणि बघायला आलेली आपलीच बाकीची माणसं लांब, मागं, धुळीत. मुंबईत मात्र खिडकीवर आणे मोजले की बाकावर जागा. माझे एक चुलत आजोबा गिरणीत होते. ते सांगायचे, "डोअरकीपर तिकीट फाडी, जात इचारत नसे." आणि याच मुंबईत गिरणीच्या विणखात्यात अस्पृश्याला घेत नव्हते, कारण धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे. म्हणजे दिवसा ज्याची थुंकी विटाळाची, रात्री त्याचा पैसा चालतो. भांडवलशाहीची ही गंमत ध्यानात ठेवा दोस्तांनो.

पण खिडकीतून आत काय विकलं जात होतं? संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावची पवळा, महाराची पोर. तिच्याबरोबर पठ्ठे बापूराव, म्हणजे रेठऱ्याचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. या जोडीनं मुंबई वेडी केली. आजही लोक बापूरावांनी जानवं सोडलं त्याच्याच गोष्टी सांगतात. पवळेनं काय सोडलं, काय सोसलं, त्याची नोंद कुठाय?

चळवळीत एक हकीकत सांगतात. १९२७ च्या महाड सत्याग्रहासाठी बापूरावांनी आपल्या खेळांचं उत्पन्न देऊ केलं. बाबासाहेबांनी ते नाकारलं. आमच्या बाया नाचवून मिळालेला पैसा आमच्या मुक्तीला नको, असा त्याचा अर्थ. मला तो पटतो. दौलतजादा म्हणजे बाईच्या अंगावर फेकलेला पैसा. त्यात मालकी फेकणाऱ्याची. तरीही एक काटा राहतोच. त्या पैशात घाम पवळेचा होता, आणि देणाऱ्यानं वा नाकारणाऱ्यानं तिला विचारल्याचं या हकीकतीत कुठं येत नाही.

या नकाराच्या पलीकडं आंबेडकरी जलसा उभा आहे. १९३० नंतर नाशिककडचे भीमराव कर्डक आणि त्यांच्यासारखे किती तरी जलसेकार निघाले. ढोलकी तीच, तुणतुणं तेच, गण आणि सवालजवाबही तेच. बाईचा नाच काढला. मेलेली ढोरं ओढू नका, पोरं शाळेत घाला, हे वगात आलं. जागा कुठली? चाळीचं पटांगण, परळ-नायगावच्या वस्तीतली मोकळी जागा. ना खिडकी, ना डोअरकीपर. आपल्या दहा सभा तिथं कर्डकांचा एक जलसा, असं खुद्द बाबासाहेब म्हणाल्याचं सांगतात. परळचं दामोदर हॉल हे तर गिरणगावाचं नाट्यगृह, पण १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभेची जुळणी तिथंच झाली. २०२३ साली ते पुनर्बांधणीसाठी बंद झालं.

थेटरांचंही पुढं ऐका. स्वातंत्र्य आलं आणि खेरांच्या सरकारनं तमाशा अश्लील म्हणून बंद केला. अण्णाभाऊ साठ्यांनी त्याला लोकनाट्याचा अंगरखा चढवला अन् पुन्हा उभा केला. लालबागच्या हनुमान थिएटरात गिरणीची पाळी सुटली की गर्दी व्हायची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले, आणि तिकीट काढणारा हातच रिकामा झाला. नव्वदीच्या दशकात हनुमानही बंद पडलं.

आता मोठं तिकीट पाहा. जानेवारी २०२५ मध्ये नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्ले नावाचा विलायती बँड आला. तिकिटं २,५०० पासून ३५,००० रुपयांपर्यंत. सप्टेंबर २०२४ मध्ये ती विकायला निघाली तेव्हा लाखो लोक मोबाइलवर रांगेत, अन् मागनं काळाबाजार लाखांच्या भावानं. ज्याला परवडतं त्यानं जावं, माझी तक्रार नाही. गाणाऱ्याला त्याचा दाम मिळतो, हे चांगलंच आहे.

माझं दुखणं निराळं आहे. जलशानं तिकीट काढून टाकलं, ते बरोबरच होतं. पण तिकिटाच्या जागी काय ठेवलं? बिदागी. म्हणजे कुणाच्या मनात आलं तर. वामनदादा कर्डक आयुष्यभर गावोगाव फिरले, हजारो गाणी दिली, आणि १५ मे २००४ रोजी गेले ते गरिबीतच. विठ्ठल उमप २६ नोव्हेंबर २०१० ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर कार्यक्रमातच कोसळले. आपली जयंती मंडळं आजही डीजेवाल्याला महिनाभर आधी आगाऊ रक्कम मोजतात, पावती घेतात. शाहीर मागायला आला की म्हणतात, "दादा, समाजाचं काम आहे, एसटीचं भाडं देऊ."