प्रकाशाची शिस्त : गोव्याच्या ख्रिस्ती कला संग्रहालयाची वाटचाल

ख्रिस्ती कला संग्रहालयाचे दार 1994 च्या जानेवारीत उघडले, ते रायतूरच्या सेमिनरीत. गोव्याचा महाधर्मप्रांत, वारसा जतन करणारी इंटॅक ही संस्था आणि लिस्बनचे कालूस्त गुलबेंकियन फाउंडेशन यांनी मिळून हे काम हाती घेतले होते. चर्चमधील आणि घरोघरी जपलेली हस्तिदंती शिल्पे, चांदीची उपासनापात्रे, जरतारी धर्मवस्त्रे एका छताखाली आली. त्यांपैकी अनेकांवर हिंदू कारागिरांचा हात फिरला होता.

रायतूर आडवळणाला असल्याने 2002 मध्ये संग्रहालय जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठाच्या चर्चमध्ये हलवले गेले. 1606 मध्ये स्थापन झालेला हा मठ 1636 च्या आगीनंतर पुन्हा बांधला गेला. 1885 मध्ये येथील शेवटची जोगीण निवर्तली. अशा वास्तूत कलावस्तू मांडणे प्रतिष्ठेचे असले, तरी सोपे नव्हते.

मुख्य प्रश्न प्रकाशाचा. या वस्तू मेणबत्तीच्या उजेडासाठी घडल्या. त्या पाहायला येणाऱ्याला मात्र बारीक कोरीवकाम दिसायला हवे. प्रकाशाने होणारी हानी साचत जाते आणि उडालेला रंग परत येत नाही. म्हणून जगभरच्या संग्रहालयांत कापड व कागदासाठी साधारण 50 लक्स (लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे एकक), तर तैलचित्रे व रंगवलेल्या लाकडासाठी 200 लक्सची मर्यादा पाळली जाते. चांदीला प्रकाशाचे भय नाही, पण तिच्यावर दिवा सरळ पडला तर चकाकीत नक्षी हरवते. तिला तिरपा, मऊ उजेड लागतो. शेजारी-शेजारी ठेवलेल्या दोन वस्तूंच्या गरजा इतक्या वेगळ्या, आणि त्यात ऐतिहासिक भिंतींना धक्का लावायचा नाही. प्रकाशयोजनेला संवर्धनाचाच भाग मानावे लागते, ते यामुळे.

2012 च्या जानेवारीत संस्थेवर मोठा आघात झाला. दरोड्यात पहारेकऱ्याचा जीव गेला, मौल्यवान वस्तू चोरीस गेल्या. तरीही काम थांबले नाही. पुढे संपूर्ण नूतनीकरण हाती घेण्यात आले. मांडणी आणि प्रकाशयोजना नव्याने झाली, आणि 2022 च्या मे महिन्यात संग्रहालय पुन्हा खुले झाले. महाधर्मप्रांत, गुलबेंकियन फाउंडेशन, संवर्धक, वास्तुविशारद, वीजतंत्रज्ञ आणि रोज दार उघडणारे कर्मचारी, या सर्वांचे हे श्रेय आहे.

बॉम जेझूस बॅसिलिका पाहून परतणाऱ्यांनी शेजारच्या टेकडीवरील हे संग्रहालय अवश्य पाहावे. उन्हातून आत आल्यावर डोळे सरावेपर्यंत क्षणभर थांबावे, आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश बंद ठेवावा.