दारातल्या गाडीचा नंबर आणि ट्रॅक्टरवरचं पोरगं

आपल्या मुधोळात दारासमोर उभ्या असलेल्या गाड्यांचे नंबर नुसते वाचत गेलं तरी तालुक्याचा इतिहास कळतो. जुन्या बजाज स्कूटरवर एपी ०१, म्हणजे आदिलाबाद. नांदेडच्या पाहुण्यांच्या गाडीवर एमएच २६. तेलंगण झाल्यावर टीएस आलं, ऑक्टोबर २०१६ मध्ये निर्मल जिल्हा झाला तेव्हा टीएस १८. मार्च २०२४ पासून टीजी. माणसं तीच, बोली तीच, पाट्या मात्र बदलत राहिल्या.

याचं मूळ १९५६ सालात आहे. आपला मुधोळ तालुका हैदराबाद संस्थानात नांदेड जिल्ह्यात होता. राज्यांची फेररचना झाली तेव्हा मुधोळ, भैंसा आणि कुबीर ही मंडळं नांदेडातून काढून आदिलाबादला जोडली गेली. उलट किनवट आणि राजुरा हे तालुके आदिलाबादमधून निघून मुंबई राज्यात गेले. म्हणजे ताटातली भाजी इकडची तिकडं. तेव्हापासून सोयरीक नांदेड, धर्माबाद, उमरीकडं आणि सरकारी कागद आदिलाबादकडं, अशी आपली दोन तोंडं झाली. आदिलाबाद गाठायचं तर निर्मलच्या पुढं महबूब घाट चढावा लागे. गाडी शिकणाऱ्या माणसाला लायसनच्या कागदासाठी आधी घाट बघावा लागायचा, असं आम्ही थट्टेनं म्हणायचो.

मोटार आपल्या भागात लोकांना पहिल्यांदा भेटली ती बहुधा बशीच्या रूपात. निझामाच्या रेल्वेनं १९३२ मध्ये २७ बशी घेऊन रस्ते वाहतूक सुरू केली. आपल्याकडच्या सरकारी बशीच्या नंबरात अजून जो झेड दिसतो, तो निझामाच्या आईच्या, जोहरा बेगमच्या नावावरून आला असं जुनी मंडळी सांगतात. त्या काळी ड्रायव्हर म्हणजे गावात केवढा मान! खाकी कपडे, खिशात बिल्ला. घरच्या घरी गाडी चालवणारा मनुष्य तालुक्यात बोटावर मोजण्याइतका. त्यामुळं लायसन ही नोकरदाराची चीज आहे, आपल्याला तिच्याशी काय करायचंय, ही समजूत आपल्या घरांत पक्की बसली आणि पुढं फार महागात पडली.

खरं तर नियम काही आजचे नाहीत. पॅरिसमध्ये १८९३ मध्येच गाडी चालवणाऱ्याची परीक्षा घ्यायला लागले होते. इंग्लंडात मात्र परीक्षा सक्तीची व्हायला जून १९३५ उजाडला. शिकाऊ माणसाच्या गाडीवरचा तो लाल एलसुद्धा तिकडं त्याच वर्षीचा. इंग्रजी मुलखात १९१४ च्या मोटार कायद्यातच अठरा वर्षांखालच्याला गाडी चालवायची मनाई होती. मग १९३९ चा कायदा, आणि त्याच्या जागी १ जुलै १९८९ पासून लागू झालेला १९८८ चा कायदा, तो आजही चालू आहे. वयाची अट शंभर वर्षांत हलली नाही. आपल्याकडं तिच्याकडं कुणी बघितलं नाही, एवढंच.

कारण मोटारी आपल्याकडं घरात आल्या त्या ट्रॅक्टरच्या रूपानं. बँकांचं राष्ट्रीयीकरण झाल्यावर शेतीकर्जं वाढली. आम्ही शाखेत बसून ट्रॅक्टरची प्रकरणं करायचो. सात-बारा म्हणजे इकडची पहाणी, जमिनीचं तारण, आरसी बुकावर बँकेचा बोजा, विम्याची पॉलिसी, आणि लायसनची झेरॉक्स. झेरॉक्स मालकाची असायची. शिवारात ट्रॅक्टर चालवायचं घरातलं पोरगं. चौदा वर्षांचं असो की सोळा, पाय क्लचला पुरले की झालं. बाप कौतुकानं सांगायचा, आमचं लेकरू सातवीपासून नांगरट करतंय. शेतात करतंय तोवर ठीक होतं. पण कापूस मोंढ्यावर न्यायचा तर भैंसाचा रस्ता लागतो, आणि तिथून पुढं कल्याणहून निर्मलला येणारा राष्ट्रीय महामार्ग.

२००५ च्या सुमाराची गोष्ट. माझ्या शाखेचे एक खातेदार, चांगले बागायतदार, हप्ता कधी थकला नाही. त्यांचा सतरा वर्षांचा मुलगा कापसाची ट्रॉली घेऊन निघाला. दिवस कलला होता, ट्रॉलीच्या मागं ना दिवा ना चकाकणारी पट्टी. एका वळणावर सायकलवरचा मनुष्य ट्रॉलीच्या कडेला धडकून चाकाखाली आला. पोरगं घाबरलं, ट्रॅक्टर तिथंच सोडून शेतातून पळालं. जखमीला दवाखान्यात नेणं हे चालवणाऱ्याचं कायद्यानं पहिलं काम. शिकाऊ लायसनच्या परीक्षेत हे विचारतात. पण ती परीक्षा त्यानं दिलीच कुठं होती? तास-दीड तासानं दुसऱ्याच कुणीतरी त्या माणसाला उचललं, तो वाटेतच गेला. दोन लेकरं आणि बायको मागं राहिली, त्याच पेठेतली.

खातेदार माझ्याकडं आले ते निर्धास्त. म्हणाले, साहेब, विमा भरलेला आहे. मी म्हटलं, पाटील, विमा ट्रॅक्टरचा भरलाय, चालवणाऱ्याला लायसन होतं का? ते गप्प झाले.

इथं हिशेब नीट समजून घ्या, कारण अजूनही लोक यातच फसतात. तिऱ्हाइताचा विमा सक्तीचा आहे तो मरणाऱ्याच्या घरासाठी, मालकासाठी नाही. सुप्रीम कोर्टानं २००४ मध्ये स्वर्णसिंग प्रकरणात हे सविस्तर सांगितलं. लायसन नसलं एवढ्यावरून कंपनीला तिऱ्हाइताची भरपाई टाळता येत नाही. पण मालकानंच जाणूनबुजून बिनलायसनच्या हातात गाडी दिली हे सिद्ध झालं, तर कंपनी आधी त्या घराला पैसे देते आणि मग मालकाकडून वसूल करते. वकिलांच्या भाषेत आधी भरा, मग वसूल करा. त्या बाईला पैसे मिळाले, उशिरा का होईना, आणि मिळायलाच पाहिजे होते. साडेतीन लाख आणि त्यावर व्याज. मग वसुलीची नोटीस पाटलांच्या दारात आली. विहिरीजवळची दोन एकर काळी जमीन गेली. ट्रॅक्टरचं कर्ज फिटायचंच होतं, तेही त्यातूनच फेडलं. ते पोरगं आज चाळिशीकडं झुकलंय, हैदराबादला नोकरीला आहे. सणाला गावी येतं ते बशीनं.

मधल्या काळात नियम कधी शहाणे झाले, कधी वेडे. २००७ मध्ये व्यवसायाची गाडी चालवायला आठवी पास असण्याची अट आली. मला ती कधीच पटली नाही. चौथीत शाळा सोडलेले किती तरी उत्तम ड्रायव्हर मी बघितलेत, आणि पदवीधर होऊन वळणावर ओव्हरटेक करणारेही. बिचाऱ्यांना खोटे दाखले शोधावे लागले. २०१९ मध्ये ती अट काढली, बरं झालं.

त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून मात्र दंड असा वाढला की ऐकून लोक दचकले. बिनलायसन चालवलं तर पाचशेचे पाच हजार. आणि अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, गाडीची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत लायसन नाही. कडक आहे खरा. पण ज्यानं ती दोन एकर जाताना बघितली, त्याला तो जास्त वाटत नाही.

आता घरातल्या नातवंडांसाठी सोपं सांगतो. गिअर नसलेली पन्नास सीसीपर्यंतची गाडी सोळाव्या वर्षी, तीही पालकांच्या लेखी संमतीनं. बाकी सगळ्याला अठरा, व्यवसायाच्या गाडीला वीस. शिकाऊ लायसन सहा महिने चालतं, पक्क्याची परीक्षा तीस दिवसांच्या आत देता येत नाही. त्या महिन्यात गाडीला पांढऱ्या पाटीवर लाल एल लावायचा आणि शेजारी लायसनवाला बसवायचा. मैदानावर आठचा आकडा काढून दाखवला म्हणजे पोरगं तयार झालं असं समजू नका. मोंढ्याच्या दिवसात बैलगाडी, ट्रॅक्टर आणि ट्रक एकाच रस्त्यावर असतात, तो आठ मैदानावर नसतो. आणि लग्नाचं वऱ्हाड, बासरची जत्रा यांना ट्रॉलीत माणसं भरून नेणं बंद करा. शेतीच्या पॉलिसीत ट्रॉलीत बसलेली माणसं सहसा धरत नाहीत.

आम्हा पंचावन्नच्या पुढच्यांना लायसन पाचच वर्षांचं मिळतं आणि दर वेळी डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. डोळे तपासून घेतो, फी भरतो, रांगेत बसतो. समोरच्या बाकावर अठरा पूर्ण झालेली पोरं-पोरी मोबाइलवर खुणांच्या पाट्या पाठ करत असतात. एकदा एका मुलीनं मला विचारलं, आजोबा, हा लाल त्रिकोण म्हणजे काय हो? तिला समजावून सांगितलं.

सध्या गल्लीत विजेवरच्या बारक्या स्कूटर आल्यात. २५० वॅटच्या आतली आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत धावणारी असेल तर तिला लायसन लागत नाही, नंबरही लागत नाही. पण दुकानदार वेग वाढवून देतात असं ऐकतो, आणि मग ती कायद्यानं मोटारसायकलच होते. घेताना बिलावर वॅट आणि वेग दोन्ही लिहून घ्या.

— एक सेवानिवृत्त बँकवाला, मुधोळ