मुद्दाम की चुकून?

बोईसर-सालवडकडच्या मैदानांवर टेनिस बॉलचे सामने रंगतात तेव्हा भांडण हमखास पेटवणारा एक शब्द असतो, तो म्हणजे ‘मुद्दाम’. पळणाऱ्या फलंदाजाच्या पाठीत थ्रो बसला, तर तो मुद्दाम आड आला की बिचारा मध्ये सापडला? या प्रश्नाने मोठमोठ्या पंचांनाही घाम फोडला आहे. कसोटीत क्षेत्ररक्षणात अडथळा आणल्याबद्दल बाद झालेला पहिला फलंदाज लेन हटन. १९५१ साली ओव्हलवर स्टंपवर पडू पाहणारा चेंडू त्याने बॅटने उडवला आणि दक्षिण आफ्रिकेचा यष्टिरक्षक रसेल एन्डीन याचा झेल हुकला. हटनचे लक्ष स्टंप वाचवण्याकडे होते, तरी तो बाद ठरला. गंमत अशी, की चेंडू हाताळून कसोटीत सर्वांत आधी बाद झाला तो हाच एन्डीन, १९५७ साली. आपल्या वानखेडेवरही १९८३ साली वेस्ट इंडीजचा डेस्मंड हेन्स तसाच बाद झाला.

या इतिहासाची दिशा मात्र स्पष्ट आहे. मनात काय होते हे ठरवण्याचे ओझे पंचांवरून हळूहळू उतरत गेले आणि शरीराने काय केले याला महत्त्व आले. २०११ साली आयसीसीने एकदिवसीय सामन्यांसाठी ठरवले, की पळताना सबळ कारणाशिवाय दिशा लक्षणीय बदलून धावचीतचा प्रयत्न अडवला, तर फलंदाज बाद. २०२४ च्या मे महिन्यात चेन्नईत यष्टिरक्षक संजू सॅमसनचा थ्रो रवींद्र जडेजाला लागला. तिसऱ्या पंचांनी त्याच्या पळण्याची रेषा पाहिली आणि त्याला बाद दिले. बेसबॉलने ही वाट आणखी पुढे नेली. धावपटू बेस चोरू लागला, म्हणजे पुढच्या बेसकडे पळू लागला, आणि कॅचर, म्हणजे तिथला यष्टिरक्षक, थ्रो करत असताना फलंदाज आखलेल्या चौकटीबाहेर येऊन किंवा इतर हालचालीने आडवा आला, तर हेतू न विचारता तो बाद होतो.

हा निरपराध्यावर अन्याय नाही का, असे कोणी विचारेल. पण ही शिक्षा पापाची नव्हे, हिरावलेली संधी परत करण्याची सोय आहे. म्हणूनच बेसबॉलमध्ये त्याच थ्रोवर धावपटू बाद झाला, तर अडथळा सोडून दिला जातो, आणि चौकटीत स्वस्थ उभ्या फलंदाजाला कॅचरसाठी अदृश्य व्हावे लागत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: क्रिकेटमध्ये पळणाऱ्याला अशी चौकट कुठे आहे? नाही, आणि म्हणूनच क्रिकेटच्या नियमाने ‘जाणूनबुजून’ ही अट पुसलेली नाही. दुखापत टाळणाऱ्यालाही सूट ठेवली आहे. पण हेतूचा पुरावा आता चेहऱ्यावर नव्हे, पायांत शोधला जातो. फलंदाजी करणाऱ्या संघातलाच गडी जिथे पंच म्हणून उभा राहतो, त्या टेनिस बॉलच्या मैदानांवर तर पायांहून भरवशाचा साक्षीदार सापडणे कठीण.